हंबीररावाचा पंप

हंबीरराव पाणी वाचवायचा, असं गावात अजून सांगतात. सांगोत बापडे. ज्या माणसानं उभ्या जन्मात पाण्याची एक घागर उचलली नाही, त्यानं पाणी वाचवलं म्हणायचं, तर मग आमच्या म्हशीनंही तूप वाचवलं म्हणा, कारण तिनं ते कधी खाल्लं नाही. मी त्याची शेजारीण. त्याच्या आणि आमच्या परड्यात कमरेइतकी दगडी पवळ होती. तिच्यावरून मी त्याचा सगळा संसार पाहिला, आणि जे पाहिलं ते सांगते. कुणाला आवडो न आवडो.

शिराळ्याच्या अलीकडचं आमचं गाव. घरटी एक गडी पलटणीत. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा गावातले गडी लामावर गेले, म्हणजे लढाईवर गेले. कुणी मिसरात, कुणी इटलीत. काही परत आले, काही आले नाहीत. हंबीरराव गेला देवळालीच्या छावणीत. तिथं त्याला नळांच्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी धरायला ठेवलं होतं. बंदुकीचा आवाज त्यानं ऐकला असेल तर चांदमारीच्या मैदानावर, तोही लांबून. पण लढाई संपल्यावर गावात उतरला तो अशा ऐटीत, की जणू जर्मन यानंच परतवला.

आल्या आल्या त्यानं गावाला शहाणं करायला घेतलं. पारावर बसायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि सुरू करायचा. "रांजणात तांब्या बुडिवता, निम्मा पिता, निम्मा वतून देता. अडाणी लेकाचं! छावनीत आसं चालत न्हाई. तितं चावी पिळायची, लागंल तेवडं घ्यायचं, चावी बंद. थेंब वाया न्हाई." लोक माना डोलवायचे. आमच्या गावात खाकी चड्डीतला माणूस बोलला की मान डोलवायची रीतच होती. माझा नवरा तर सगळ्यांत पुढं बसायचा.

आता गंमत बघा. हंबीररावाच्या घरचं पाणी यायचं वेशीजवळच्या आडावरून, आणि ते आणायची त्याची बायको साळूबाई. एकच लेक, ती सासरी गेलेली. साळूबाई चाळिशीला टेकलेली, अंगानं वाळलेली, बोलणं कमी. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक, अशी ती खेपा घालायची. जी बाई पाणी आणते ती ते ओतून देत नसते. तिला थेंबाचं मोल पारावर बसून शिकवायला लागत नाही. पण हंबीररावाला घरातल्या बाईकडून काही समजून घ्यायचं असतं तर तो हंबीरराव कशाला झाला असता?

त्या साली सांगलीच्या बाजारात लढाईचा उरलासुरला माल विकायला आला होता. डिस्पोजलचा माल म्हणायचे त्याला. घोंगड्या, बूट, पत्र्याचे डबे, काय वाटेल ते. हंबीररावानं तिथून एक लोखंडी टाकी, नळाचे तुकडे आणि एक पितळी तोटी आणली. बैलगाडीतून टाकी उतरवताना निम्मं गाव गोळा झालं, जशी काही नवरीच उतरत होती. मग परड्यात, न्हाणीच्या भिंतीला लागून, त्यानं गवंड्याकडून माणसाच्या डोक्यावर जाईल असा उंच दगडी कट्टा रचून घेतला आणि टाकी त्याच्यावर बसवली. नळ जोडायला शिराळ्याहून चांदसाहेब कल्हईवाल्याला बोलावलं. चांदसाहेबानं जन्मात भांड्यांना कल्हई करण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण नाही म्हणायची त्याची जात नव्हती.

त्याच चांदसाहेबानं खाली उकिडवं बसून वर टाकीकडे बघितलं आणि विचारलं, "पर हंबीरराव, ह्यात पानी चढनार कसं? पंप लागंल की."

पंप हा तेव्हा आमच्याकडे नवा शब्द होता. कृष्णाकाठच्या बड्या बागायतदारांनी तेलावरची इंजनं बसवली होती, ती फुकफुक करत नदीचं पाणी उसाला चढवायची. ज्याच्या घरी पंप तो मोठा माणूस.

नेमकी त्याच वेळी साळूबाई आडावरून आली. डोक्यावर दोन, कमरेवर एक. हंबीररावानं तिच्याकडे नुसती हनुवटी उडवली. "पंप हाय की घरात," तो म्हणाला.

चांदसाहेब हसला. गवंडी हसला. माझा नवराही हसला. साळूबाईनं घागरी उतरवल्या, चुंबळ झटकली आणि घरात गेली. मी पवळीच्या अलीकडे शेण्या थापत होते. हातातला शेणाचा गोळा त्याच्या मिशीवर मारावा असं मला वाटलं. मारला नाही, कारण शेण फुकट जाईल.

त्या दिवसापासून साळूबाईची खेप घरापाशी येऊन संपत नव्हती. परड्यात येऊन ती टाकीला लावलेल्या शिडीवर चढायची. एक हात शिडीला, एक हात कमरेवरच्या घागरीला, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. वर पोचलं की घागर टाकीत पालथी करायची, उतरायचं, दुसरी घ्यायची. आधी जे पाणी रांजणात एका वाकण्यात पडायचं, ते आता माणसाच्या डोक्यावर चढायचं आणि तिथून नळानं परत खाली यायचं. याला म्हणायचं सुधारणा. उंटावरच्या शहाण्यांबद्दल ऐकलं होतं, हा कट्ट्यावरचा शहाणा मी डोळ्यांनी बघितला.

बरं, ते पाणी तिच्या कामाला तरी यावं? नाही. बाया पाणी नासतात असं हंबीररावाचं मत. म्हणून तो तोटीची चावीच काढून घ्यायचा आणि करदोट्याला बांधून ठेवायचा. तांब्याभर पाणी लागलं तर साळूबाईनं पारावर निरोप धाडायचा, मग साहेब येणार, कमरेची चावी काढणार, बारीक धार सोडणार, वर दोन शब्द शिकवणार. तिनं एकदोनदा निरोप धाडला असेल. पुढं ती आपली निराळी घागर चुलीपाशी ठेवून त्यातलं घेऊ लागली. टाकीतलं पाणी सगळं साहेबांच्या अंघोळीला आणि पाहुण्यांना दाखवायला.

अंघोळीवरून आठवलं. छावणीत त्यानं कुठंतरी बघितलं होतं की नळ भट्टीमागून फिरवला की पाणी फुकटात तापतं. मग चांदसाहेबाकडून त्यानं नळाला वळण देऊन घेतलं, चुलीच्या मागून न्हाणीत. "भाकरी व्हत्यात तवर पानी तापतंय. बंबाचं लाकूड वाचलं," असं तो येईल त्याला सांगायचा. ऐकायला झकास. पण नळातलं पाणी तापतं ते चुलीत जाळ असेपर्यंत, आणि हंबीररावाची अंघोळ भाकरी झाल्यावर घटकाभरानं. म्हणजे तो न्हाणीत बसून ओरडणार, "जाळ वाडीव!" आणि साळूबाई रिकाम्या चुलीपुढं बसून शेणीवर शेणी घालणार. बंबाला मूठभर ढलप्या लागायच्या. इथं शेण्यांची रास घटायची. माझ्याकडून उसन्या शेण्या नेल्या तेव्हा मी साळूबाईला म्हटलं, "तुमच्या वाचवण्यापायी माझं घर बसंल गं." ती नुसती हसली. तिचं ते हसणंही मला आवडायचं नाही. इतकं सोसणाऱ्या माणसाचाही मला राग येतो.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे पंचमी.

नागपंचमीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. आदल्या दिवशी भावासाठी उपास करायचा, मग भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, माहेरच्या झाडाला झोका बांधलेला असतो. वर्षातून तेवढाच बाईचा जीव मोकळा. साळूबाईचं माहेर तासगावकडे. तिचा भाऊ कृष्णात न चुकता गाडी जुंपून यायचा. टाकी बसली त्या वर्षी तो आला, तर हंबीरराव म्हणाला, "आन् टाकी कोन भरनार?" कृष्णात रिकामी गाडी घेऊन गेला. पुढच्या वर्षी स्वराज्य आलं. शिराळ्यात मिरवणूक निघाली, पेढे वाटले. पंचमीला कृष्णात पुन्हा आला, पुन्हा तोच सवाल, पुन्हा गाडी रिकामी. देश सुटला, साळूबाई शिडीवर.

आणि ती पंचमी म्हणजे श्रावण. आमच्या भागातला श्रावण कसला, आभाळच फाटतं. कौलांवरून पागोळ्या धो धो परड्यात पडत होत्या आणि त्या पागोळ्यांतून भिजत साळूबाई आडावरची घागर घेऊन शिडी चढत होती. मला राहवलं नाही. मी पवळीवरून हाक मारली, "भावजी, पन्हळ लावून ह्येच पानी घ्या की टाकीत!" हंबीरराव सोप्यात तंबाखू मळत बसला होता. "वैनी, कौलाच्या पान्यात माती आस्ती. नळ चोंदतो. तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं," तो म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. मी घरात गेले.

तिसऱ्या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. साळूबाईची आई थकली होती. डोळे गेले होते, हातरुणाला खिळली होती. कृष्णात पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच आला आणि सोप्याच्या पायरीवर बसून खाली मान घालून म्हणाला, "दाजी, आई रोज ईचारती, साळू आली का. फुडली पंचमी ती काय बगत न्हाई. यंदा न्हेतो म्या आक्काला."

ऐकून दगडाला पाझर फुटला असता. हंबीररावाला अडचण होती. छावणीतला त्याचा वरचा अंमलदार, सुभेदार लालासाहेब, औंधाकडचा. पेन्शनीत आला होता आणि शिराळ्याची पंचमी बघायला येणार होता. त्याला हंबीररावानं साताऱ्याला भेटून सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरी नळ आहे, गरम पाणी आहे, पंपसुद्धा आहे. मुक्कामाला आमच्याकडेच या. पंप कसला, ते अर्थात सांगितलं नव्हतं.

"पावना येनार हाय. टाकी कोन भरनार?" हंबीरराव म्हणाला.

सोप्यात तेव्हा चारपाच माणसं बसलेली. साळूबाई परड्यातून आली. लुगडं निथळत होतं. पहाटेपासून उपाशीपोटी ती शिडीवर होती, मी बघतच होते.

"टाकी भरलीया," ती म्हणाली. "काठोकाठ."

"एका दिसाचं काय घिऊन बसलीस? तू चार-आठ दिस जानार."

"आवं, तुमीच सांगता की सगळ्यांस्नी," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "आक्कल वापरली तर भरल्या टाकीत चार मान्सांचं आठ दिस निगत्यात. तुमी तर दोगंच हायसा, तुमी आन् पावनं."

सोप्यातली माणसं हंबीररावाकडे बघू लागली. हे वाक्य तो रोज पारावर म्हणायचा. आणि खरं सांगते, त्याचा त्याच्यावर विश्वासही होता. टाकी किती पुरते हे त्याला कळणार कुठून? तो कधी शिडी चढून आत डोकावला नव्हता. साळूबाई रोज भरायची, म्हणून टाकी रोज भरलेली असायची, आणि याला वाटायचं आपल्या शहाणपणानं पाणी संपत नाही. आयत्या बिळावरचा नागोबा, त्याला बीळ कुणी खणलं याची काय फिकीर? आता चार माणसांत 'पुरत नाही' म्हणायचं तर मिशीच उतरवायची. तो नुसता हुंकारला. साळूबाईनं गाठोडं उचललं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत बसली. मी पवळीपाशी उभी राहून रडले. आनंदानं रडले, लपवायचं काय त्यात.

दुसऱ्या दिवशी पंचमी. या दिवशी आम्ही चुलीवर तवा ठेवत नाही, काही चिरत-कापत नाही. पुरणाची दिंडं उकडतो. पाहुण्याच्या जेवणाचं माझ्याकडे लावलं होतं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं मला न विचारता लावलं होतं. सुभेदार आला दुपारी. गडी उंचापुरा, आवाज मोठा. हंबीररावानं त्याला सोप्यात बसूही दिलं नाही, तसाच न्हाणीत नेला. करदोट्याची चावी सोडली, तोटीला लावली, पिळली. "बगा सायेब, धार!" सुभेदार म्हणाला, वा. जत्रेला निघालेली आणखी माणसं वाकडी वाट करून आली. त्यांनाही धार दाखवली. मग कुणी म्हणालं, जरा जोरात सोड की. सोडली. कुणी पाय धुतले. कुणी पायांवर पाय घासून पुन्हा धुतले. एरवी साळूबाईला तांब्याभर पाणी मोजून देणारा हा माणूस त्या दिवशी मोरीला ओढा आणत होता, आणि माणसं वाहवा म्हणत होती. मी दिंडं वळता वळता ते पाणी परड्यातून वाहत पवळीखालून माझ्याकडे येताना बघत होते. त्यात साळूबाईची पहाट वाहत होती.

संध्याकाळी शिराळ्याहून नाग बघून, चिखलानं माखून सुभेदार परत आला. "हंबीर, तुजं ते गरम पानी काड. न्हातो आता."

हंबीरराव पवळीपाशी आला. "वैनी, जरा आमच्या चुलीत जाळ घाला की."

मी गेले. पाहुणा होता म्हणून गेले. साळूबाईच्या चुलीपुढं बसून शेण्या घातल्या. बाहेर पाऊस लागला होता, पागोळ्या पडत होत्या. भिंतीपलीकडे न्हाणीत सुभेदार खूश होऊन गुणगुणत होता. मग नळात गुळगुळ झालं. मग नुसती फुसफुस. मग आवाज आला:

"हंबीर, पानी!"

हंबीरराव न्हाणीत धावला. चावी इकडे पिळली, तिकडे पिळली. तोटीतून फू करून वाफ आली.

"आरं, डोळ्यांत साबन गेला! पानी सोड!"

"कचरा आडकला आसंल, सायेब."

"मग पंप चालू कर की! पंप हाय न्हवं तुज्याकडं?"

हंबीरराव पुन्हा चावी पिळू लागला. सोप्यातली माणसं परड्यात जमली होती, माझा नवराही त्यात. सगळ्यांना ठाऊक होतं पंप कोण ते. दोन वर्षांमागं याच परड्यात सगळे त्यावर हसले होते. आता एकालाही हसू येईना.

"आरं, पंपाला काय झालं?" सुभेदार ओरडला.

मी चुलीपुढूनच बोलले, भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात. "पंप म्हायेरी गेलाय, सुभेदारसाहेब. पंचमीला. भावानं न्हेलाय."

मग न्हाणीचं दार उघडलं. डोक्यावर साबणाचा फेस, डोळे मिटलेले, कमरेला पंचा, असा सुभेदार चाचपडत परड्यात आला आणि सरळ पागोळीखाली उभा राहिला. डोकं चोळून चोळून धुतलं. फेस उतरला, डोळे उघडले. समोर टाकी दिसली, टाकीला लावलेली शिडी दिसली, शिडीच्या पायाशी पालथी घातलेली घागर दिसली. पावसाचं पाणी तिच्यावर पडून ओघळत होतं.

"छावनीत इंजन व्हतं, हंबीर," तो म्हणाला. "तुला मी रोज दावत व्हतो." एवढंच बोलून तो कपडे करायला आत गेला. दिंडं मात्र त्यानं पोटभर खाल्ली, आणि मला म्हणाला, लय ब्येस झाल्यात. पहाटेच्या गाडीनं गेला. पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी हंबीररावानं स्वतः एक घागर वर नेली. एकच. कमरेवर ती बसेना, खांद्यावर घेतली तर शिडी धरता येईना. निम्मी अंगावर सांडली, निम्मी टाकीत पडली. खाली उतरून तो कट्ट्याला टेकून बसला, धापा टाकत, आणि मी बघते आहे हे दिसल्यावर उठून घरात गेला. मला त्याची कीव आली असं कुणाला वाटत असेल, तर नाही आली.

साळूबाई गोकुळअष्टमी झाल्यावर परतली. आईच्या उशाशी बसायला मिळालं तिला. आईनं हातानं चाचपून तिचं तोंड ओळखलं, म्हणाली, वाळलीस गं. दिवाळीच्या आधीच म्हातारी गेली. मागच्या दोन पंचम्या गेल्या होत्या तशाच गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत.

ती आली तेव्हा टाकी कट्ट्यावर नव्हती. चार गड्यांकडून खाली उतरवून हंबीररावानं ती परड्यात पागोळीखाली ठेवली होती. आत पावसाचं पाणी साठलं होतं, त्यांची म्हैस तोंड घालून पीत होती. नळ काढून टाकलेला. आणि हंबीरराव कसा होता? होता तसाच. पवळीपाशी माझा नवरा आणि आणखी दोघं उभे होते, त्यांना तो मिशीला पीळ देत नवी विद्या शिकवत होता.

"पानी वर चडवायचं आन् परत खाली आनायचं, ह्ये खुळ्याचं काम. म्या इचार केला. टाकी भुईवरच ठिवली की ताकत वाचती."

साळूबाईनं गाठोडं पायरीवर ठेवलं. टाकीकडे बघितलं, कट्ट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"कुनाची ताकत?" ती म्हणाली.

म्हैस पाणी पीत राहिली. साळूबाईनं घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि आडाकडे निघाली.